सात पूर्णांक तीन

माझ्या बापाकडे एक दगड होता.
नदीतला, काळसर, एका बाजूनं सपाट,
आणि सपाट बाजूवर खिळ्यानं कोरलेलं : ७.३
मिशनच्या दवाखान्यात, तान्ही मुलं तोलायच्या काट्यावर
त्यानं तो तीनदा तोलून घेतलेला.
नर्स म्हणाली, मुलगा की मुलगी?
बाप हसला नाही.

कोको खरेदीचा कारकून होता तो,
सेफ्वीच्या जंगलकडेला,
जिथं ऑक्टोबर लागला की अंगणांना आंबूस वास येतो,
केळीच्या पानांखाली सहा दिवस घामेजलेल्या बियांचा.

रोज सकाळी, पहिल्या पोत्याआधी,
दगड काट्यावर ठेवायचा.
मग बाजूला व्हायचा,
ज्याला बघायचं त्यानं बघावं.
आकडा जुळला नाही तर त्या दिवशी खरेदी बंद.
हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.
कंपनीच्या वहीत दगडासाठी रकाना नव्हता.

मी नऊ वर्षांची असताना
एनो फोसुवाचं पोतं अर्धा किलो कमी भरलं.
एकटी बाई, वर्षाचं एकच पोतं,
हर्माटनची धूळ भुवयांवर घेऊन आलेली.
शेडमधल्या सगळ्यांनी बापाकडे बघितलं.
चौसष्टला अर्धा कमी. दोन ओंजळी.
तो म्हणाला, साडेत्रेसष्ट.
आणि साडेत्रेसष्ट लिहिलं.

आम्ही एकाच वाडग्यातून फुफू खायचो.
त्या रात्री मी हात घातला नाही.
तोही फारसा जेवला नाही. म्हणाला,
आज हिला ओंजळ दिली
तर उद्या विचारतील, ती कुणाच्या पोत्यातून काढलीस?
मला पटलं नाही.
अजूनही पुरतं पटलेलं नाही.

पुढच्या हंगामात मोटारसायकलवरून साहेब आला
आणि नवा काटा आला, लाल आकड्यांचा.
बापानं दगड ठेवला.
काटा म्हणाला, पाच पूर्णांक आठ.
साहेब म्हणाला, दगड झिजला असेल, न्यार्को.
बाप म्हणाला, दगड झिजायला नदी लागते, साहेब.
मी त्याला घरात ठेवतो.

एवढंच. भाषण नाही, शिवी नाही.
शेडची किल्ली काट्यावर ठेवली
(तिचंही वजन कमीच दाखवलं असणार)
आणि दगड काखेत घेऊन घरी आला.
घर म्हणजे चार भिंती.
छपराचे पत्रे त्या वर्षी यायचे होते,
ते सहा वर्षांनी आले.
भावाची शाळा सुटली ती सुटलीच.
लोक त्याच शेडमध्ये, त्याच लाल आकड्यांपुढे
पोती उतरवत राहिले.
दुसरीकडे कुठं नेणार?
मापात पाप आहे हे ठाऊक असूनही
माणसाला मीठ तर विकत घ्यावं लागतंच.

फक्त फोसुवा आली एकदा. कच्ची केळी घेऊन.
उंबऱ्यावर बसून म्हणाली,
तुला शाप दिला होता मी त्या दिवशी.
पण माझं वर्ष खरं किती भरतं
ते तेव्हा एकदाच कळलं.

आता दोघंही नाहीत.
मी कुमासीत कापड विकते.
दगड दुकानाच्या दाराला लावलेला असतो,
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.
परवा, कशाला कोण जाणे,
शेजारच्या पार्सलवाल्याकडे तो तोलला.
मग आणखी दोन ठिकाणी.
तिन्ही ठिकाणी सात पूर्णांक चार.

दवाखान्याचा काटाच चुकीचा होता.
म्हणजे बापाचा काटाही, इतकी वर्षं,
सगळ्यांसमोर, रोज सकाळी.
पावतीच्या पाठीमागे मी हिशेब मांडला, पुन्हा मांडला :
फोसुवाचं पोतं भरलेलं होतं.
चौसष्टाच्या वरच होतं थोडं.

हे बापाला कळलं असतं
तर त्यानं चपलासुद्धा घातल्या नसत्या,
तसाच अंधारात निघाला असता.

फोसुवाचा नातू गोआसोला टायर दुरुस्त करतो म्हणे.
अर्ध्या किलोचे तेव्हाचे पैसे आजचे किती होतात
ते कुणाला विचारावं कळत नाही.
पहिली मिनीबस सहाला सुटते.
दगड मांडीवर घ्यावा लागेल.